अमेरिकेच्या फेडरल अपील न्यायालयाचा न्यायाधीश, नेमणुकीपासून निवृत्तीपर्यंत : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फेडरल अपील न्यायालय म्हणजे नेमके कोणते?

अमेरिकेत केंद्राची न्यायालये तीन पायऱ्यांची आहेत. तळाला ९४ जिल्हा न्यायालये. साक्षीपुरावे, उलटतपासणी, ज्युरी हे सगळे तिथे. सर्वांत वर एकच सर्वोच्च न्यायालय. मधली पायरी म्हणजे १३ अपील न्यायालये. वकील मंडळी त्यांना नुसते ‘सर्किट’ म्हणतात : सेकंड सर्किट, नाइन्थ सर्किट वगैरे. अकरा क्रमांकाची, बारावे राजधानीचे डी.सी. सर्किट आणि तेरावे फेडरल सर्किट. या तेराव्याला भौगोलिक हद्द नाही. पेटंट आणि असेच काही ठरावीक विषय देशभरातून त्याच्याकडे येतात.

तेराही न्यायालयांत मिळून कायद्याने मंजूर पदे आहेत फक्त १७९. एकट्या मुंबई उच्च न्यायालयाची मंजूर संख्या ९४ आहे, यावरून हा वर्ग किती लहान आहे ते कळेल. वाटणीही समान नाही. कॅलिफोर्नियासह नऊ राज्ये सांभाळणाऱ्या नाइन्थ सर्किटला २९ पदे, तर बॉस्टनच्या फर्स्ट सर्किटला ६.

राज्यांची न्यायालये या उतरंडीत नाहीत. न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये राहणाऱ्या जोडप्याचा घटस्फोट कितीही चिघळला तरी तो थर्ड सर्किटकडे जात नाही. राज्याच्या न्यायालयांतच वर चढत जातो. उलट इमिग्रेशन अपील मंडळाच्या हद्दपारीच्या आदेशाविरुद्धची याचिका जिल्हा न्यायालयाची पायरी गाळून थेट सर्किटकडे येते.

कोल्हापूरचे सर्किट बेंच आणि हे सर्किट एकच का?

शब्दाचे मूळ एक, अर्थ आता वेगळे. न्यायाधीशाने ठरावीक गावांची फेरी करून न्यायदान करायचे, ही जुनी इंग्रजी पद्धत. अमेरिकेत १७८९ च्या व्यवस्थेत सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्तीच घोडागाडीतून अशा फेऱ्या मारत. १८९१ च्या कायद्याने स्वतंत्र अपील न्यायालये झाली आणि ‘सर्किट’ हा शब्द फेरीऐवजी हद्दीला चिकटला. कोल्हापूरला ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झालेले सर्किट बेंच मुंबई उच्च न्यायालयाचाच भाग आहे. न्यायाधीश मुंबई उच्च न्यायालयाचेच, फक्त बसतात कोल्हापुरात. अमेरिकेत सेकंड सर्किट आणि थर्ड सर्किट ही दोन स्वतंत्र न्यायालये आहेत. एकाचा निकाल दुसऱ्यावर बंधनकारक नाही. एकाच केंद्रीय कायद्याचा अर्थ न्यूयॉर्कमध्ये एक आणि फिलाडेल्फियात दुसरा, असे वर्षानुवर्षे चालू शकते.

या पदासाठी पात्रता काय लागते?

कागदावर म्हणाल तर काहीच नाही. राज्यघटनेत वयाची अट नाही, कायद्याच्या पदवीची नाही, नागरिकत्वाचीही नाही. व्यवहारात वकील नसलेल्याचे नाव कुणी सुचवत नाही. अट आहे ती राहण्याची : नेमणुकीच्या वेळी आणि नियमित सेवेत असेपर्यंत त्या सर्किटच्या हद्दीत राहावे लागते. डी.सी. सर्किट याला अपवाद. फेडरल सर्किटच्या न्यायाधीशाला राजधानीपासून ५० मैलांच्या आत राहावे लागते. शिवाय सर्किटमधल्या प्रत्येक राज्याचा निदान एक तरी न्यायाधीश असावा, असा कायदा आहे. त्यामुळे नाइन्थ सर्किटमधली आयडाहोची जागा रिकामी झाली की कॅलिफोर्नियाचा वकील कितीही हुशार असला तरी त्याचा सहसा उपयोग नसतो.

मग तयारी कशी करायची? वाट कोणती?

परीक्षा नाही, अर्जाचा छापील नमुना नाही आणि खालून वर बढतीही नाही. जिल्हा न्यायाधीश म्हणून वीस वर्षे उत्तम काम केले म्हणून कुणी आपोआप सर्किटवर जात नाही.

तरी काही वाटा मळलेल्या आहेत. पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या चौघांच्या पाहा. सोनिया सोटोमायोर १९९२ मध्ये जिल्हा न्यायालयात आल्या आणि १९९८ मध्ये सेकंड सर्किटवर गेल्या. सॅम्युएल अलिटो न्यू जर्सीचे केंद्रीय सरकारी वकील होते, तिथून १९९० मध्ये थर्ड सर्किट. एमी कोनी बॅरेट नोटर डेम विद्यापीठात कायदा शिकवत होत्या, २०१७ मध्ये सेव्हन्थ सर्किटवर आल्या. ब्रेट कॅव्हनॉ थेट व्हाइट हाउसमधून आले. यांच्यात समान धागा शोधायचा तर दोनच दिसतात : सोटोमायोर वगळता बाकीच्यांनी तरुणपणी एखाद्या मोठ्या न्यायाधीशाकडे लॉ क्लार्क, म्हणजे कायद्याचे सहायक, म्हणून काढलेले वर्ष, आणि योग्य क्षणी योग्य पक्षाच्या वर्तुळात असलेली ओळख. दुसऱ्या धाग्याविषयी मुलाखतींत कमी बोलले जाते, पण तो पहिल्याइतकाच जाड आहे.

तिसरी गोष्ट नशिबाची. आपल्या राज्याची जागा रिकामी व्हायला हवी. ती आपल्या विचारांचा राष्ट्राध्यक्ष असताना व्हायला हवी. आणि तेव्हा आपले वय साधारण पंचेचाळीस ते पंचावन्न हवे. पद आजन्म असल्याने साठीतल्या माणसाला नेमणे कोणत्याही पक्षाला परवडत नाही.

जागा रिकामी झाल्याचे कळते कसे?

बहुतेक वेळा न्यायाधीश राष्ट्राध्यक्षांना दोन-तीन ओळींचे पत्र लिहितात : अमुक तारखेपासून मी नियमित सेवेतून बाजूला होत आहे. अलीकडे पुष्कळजण तारीख न घालता ‘उत्तराधिकाऱ्याची नेमणूक पक्की झाल्यावर’ असे लिहितात. म्हणजे सेनेटने, नेमणुकीला मंजुरी देणाऱ्या संसदेच्या वरच्या सभागृहाने, खोळंबा केला तरी खुर्ची रिकामी राहत नाही. केंद्रीय न्यायालयांच्या प्रशासकीय कार्यालयाच्या संकेतस्थळावर रिकाम्या आणि रिकाम्या होऊ घातलेल्या जागांची यादी सतत अद्ययावत होते. उमेदवार आणि पत्रकार दोघेही ती पाहत असतात.

नेमणुकीचे टप्पे कोणते?

सुरुवात व्हाइट हाउसच्या कायदा कार्यालयात होते. मुलाखती होतात, न्याय खाते जुने लिखाण चाळते, एफबीआय शेजारीपाजारी आणि जुन्या सहकाऱ्यांकडे चौकशी करते. अमेरिकन बार असोसिएशन या वकिलांच्या संघटनेची समिती १९५३ पासून उमेदवारांना ‘उत्तम पात्र’, ‘पात्र’ किंवा ‘अपात्र’ असा शेरा देत आली आहे. तो शेरा किती मनावर घ्यायचा, हे त्या त्या वेळच्या सरकारवर अवलंबून.

खरा घाम फोडते ती सेनेटच्या न्याय समितीची प्रश्नावली. आजवर छापलेला प्रत्येक लेख, केलेले प्रत्येक भाषण, दिलेली प्रत्येक मुलाखत, लढवलेले दहा महत्त्वाचे खटले आणि त्यांतल्या विरुद्ध बाजूच्या वकिलांचे फोन नंबरसुद्धा. उमेदवार आधीच न्यायाधीश असेल तर वरच्या न्यायालयाने उलटवलेल्या निकालांची यादीही. इथे हमखास होणारी चूक म्हणजे विसरणे. कॉलेजच्या नियतकालिकातला वीस वर्षांपूर्वीचा लेख यादीत नसला आणि विरोधकांना सापडला, तर लेखात काय आहे ते बाजूला राहते आणि ‘लपवला का?’ हाच प्रश्न होतो.

मग समितीपुढे सुनावणी. प्रत्येक सेनेटरला काही मिनिटे मिळतात. उमेदवाराने कुटुंबाची ओळख करून द्यायची आणि भावी खटल्यावर मत विचारले की नम्रपणे नकार द्यायचा. या नकाराचे शब्द इतके ठरलेले असतात की दोन-चार सुनावण्या पाहिलेल्याला ते पाठ होतात. त्यानंतर लेखी प्रश्नांचा गठ्ठा. समितीत नाव पहिल्यांदा मतदानाला आले की ते आठवडाभर पुढे ढकलण्याची प्रथा आहे, म्हणून पहिल्या तारखेला मत होईल असे धरू नये.

शेवटी पूर्ण सेनेट. नोव्हेंबर २०१३ पर्यंत चर्चा थांबवायला ६० मते लागत, आता साधे बहुमत पुरते. चर्चा थांबवण्याचा ठराव झाल्यावरही सर्किटच्या नावावर ३० तासांपर्यंत वेळ खर्च करता येतो. जिल्हा न्यायाधीशांसाठी तो २०१९ मध्ये दोन तासांवर आणला.

नाव अडकते कुठे?

पूर्वी ‘निळी चिठ्ठी’ फार अडवायची. उमेदवाराच्या राज्याच्या दोन्ही सेनेटरांना समिती निळ्या कागदावर मत विचारते. चिठ्ठी परतच आली नाही तर नाव तिथेच थांबायचे. २०१८ पासून सर्किटच्या जागांसाठी या चिठ्ठीचा नकाराधिकार उरलेला नाही. जिल्हा न्यायालयासाठी अजून आहे.

दुसरा अडथळा कॅलेंडरचा. सेनेटची मुदत संपली की मंजूर न झालेली नावे परत जातात आणि सगळे पहिल्यापासून. सध्याचे सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांचे नाव डी.सी. सर्किटसाठी पहिल्यांदा १९९२ मध्ये गेले, ते तसेच विरले. ते न्यायाधीश झाले २००३ मध्ये. एलेना केगन यांना १९९९ मध्ये त्याच न्यायालयासाठी सुचवले होते, सुनावणीसुद्धा झाली नाही. मिगेल एस्ट्राडा यांनी दोन वर्षे वाट पाहून २००३ मध्ये नाव मागे घेतले. गुडविन लिऊ यांनी २०११ मध्ये नाइन्थ सर्किटचा नाद सोडला आणि त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयात गेले. वकिली करणाऱ्या उमेदवारासाठी हा काळ वाईट असतो. नवे अशील बिचकतात आणि जुनी कामे हळूहळू दुसऱ्यांकडे जातात.

शपथ घेतली की ज्येष्ठता सुरू?

नाही, ज्येष्ठता कमिशनच्या तारखेपासून. कमिशन म्हणजे राष्ट्राध्यक्षांच्या सहीचे नेमणूकपत्र. दोघांचे कमिशन एकाच तारखेचे असेल तर वयाने मोठा तो ज्येष्ठ. पुढे पीठाचा प्रमुख कोण, मुख्य न्यायाधीश कोण हे यावरच ठरते. न्यायाधीशाच्या शपथेत व्यक्ती न पाहता न्याय देण्याचे आणि गरीब-श्रीमंतांना सारखाच हक्क देण्याचे वचन असते.

रोजचे काम काय असते?

वाचणे. कोर्टात बसण्याचे दिवस महिन्यातून थोडेच. फेडरल सर्किट, उदाहरणार्थ, साधारणपणे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात बसते. बाकी दिवस चेंबरमध्ये.

हिशोब मांडून पाहा. नियमाप्रमाणे अपील करणाऱ्याच्या लेखी युक्तिवादाला १३,००० शब्दांची मर्यादा, उत्तराला १३,००० आणि प्रत्युत्तराला ६,५००. एका प्रकरणाचे झाले ३२,५०० शब्द. दिवसाला पाच प्रकरणे असतील तर एका दिवसाच्या सुनावणीसाठी १,६२,५०० शब्द, म्हणजे दोन जाड कादंबऱ्या. खालच्या न्यायालयाचे कागद आणि आधीचे निकाल यात धरलेले नाहीत. सगळेच वकील मर्यादेपर्यंत लिहीत नाहीत हे खरे, पण बरेचसे लिहितात.

सुनावणीत तिघे बसतात, ज्येष्ठ मधोमध. नवा साक्षीदार नाही, नवा पुरावा नाही. प्रत्येक बाजूला साधारण १० ते २० मिनिटे. वकिलासमोरच्या मेजावर हिरवा, पिवळा आणि लाल दिवा असतो. लाल लागला की वाक्य अर्ध्यावर सोडून ‘पुरे करू का?’ असे विचारायचे. भाषण पाठ करून आलेला वकील पहिल्या मिनिटातच फसतो, कारण न्यायाधीश सगळे वाचून आलेले असतात आणि थेट दुखऱ्या जागी बोट ठेवतात.

प्रत्येक सर्किटच्या चालीरीती वेगळ्या. सेव्हन्थ सर्किटमध्ये कोणते तीन न्यायाधीश बसणार हे वकिलांना त्याच दिवशी सकाळी कळते. रिचमंडच्या फोर्थ सर्किटमध्ये युक्तिवाद संपला की तिघे न्यायाधीश मंचावरून खाली उतरतात आणि दोन्ही बाजूंच्या वकिलांशी हस्तांदोलन करतात. ज्याला पंधरा मिनिटे सोलून काढले त्याचाच हात हातात घ्यायचा. पुष्कळ अपिले तर युक्तिवादाशिवाय, नुसत्या कागदांवर निकालात निघतात.

खालच्या न्यायालयाचा निकाल किती सहज बदलतो?

सहज बदलत नाही. कायद्याचा अर्थ लावण्यात चूक झाली का, हे अपील न्यायाधीश कोऱ्या पाटीवर पाहतात. पण वस्तुस्थितीबद्दल जिल्हा न्यायाधीशाने काढलेला निष्कर्ष उघड चुकीचा असेल तरच ते हात घालतात. साक्षीदाराचा चेहरा त्यांनी पाहिलेला नसतो. आणि जे जिल्हा न्यायाधीशाच्या विवेकाधिकारात येते, जसे मुदतवाढ द्यावी की नाही, तिथे अधिकाराचा गैरवापर दिसावा लागतो. अपीलाच्या पहिल्या पानावर वकिलाने यांतले कोणते माप लावायचे ते चुकीचे लिहिले, तर पुढची पन्नास पाने बहुधा वाया.

आणखी एक सापळा : खाली न घेतलेली हरकत वर पहिल्यांदा घेतली तर ती सहसा ऐकलीच जात नाही. मुदतीही कडक आहेत. दिवाणी प्रकरणात अपीलाची नोटीस ३० दिवसांत, केंद्र सरकार पक्षकार असेल तर ६० दिवसांत, फौजदारी प्रकरणात आरोपीला १४ दिवसांत. शुल्क ६०५ डॉलर.

लॉ क्लार्क म्हणजे कारकून का?

नावावर जाऊ नका. हे नुकतेच कायद्याची पदवी घेतलेले, वर्गात पहिल्या काही क्रमांकांत आलेले तरुण असतात. सर्किट न्यायाधीशाकडे साधारण चार क्लार्क आणि एक सहायक. एका वर्षासाठी येतात, बहुधा ऑगस्ट-सप्टेंबरात रुजू होतात. सुनावणीआधी प्रकरणाचे टिपण काढणे, दाखले तपासणे, निकालपत्राचा पहिला खर्डा करणे ही त्यांची कामे. किती खर्डा क्लार्कचा आणि किती न्यायाधीशाचा, हे चेंबरगणिक बदलते. रिचर्ड पोस्नर ३६ वर्षे सेव्हन्थ सर्किटवर होते आणि आपली निकालपत्रे स्वतःच लिहीत, म्हणून त्यांची भाषा लगेच ओळखू येते.

पुण्या-मुंबईहून एलएलएम करायला गेलेल्यांकडून हा प्रश्न नेहमी येतो : आम्हाला क्लार्कशिप मिळेल का? केंद्रीय न्यायालयातल्या पगारी पदांना नागरिकत्वाच्या अटी आहेत. नागरिक, नागरिकत्वाच्या वाटेवरचे काही ग्रीन कार्डधारक आणि मोजके इतर गट त्यांत बसतात. विद्यार्थी व्हिसावर ती जवळपास अशक्य धरा. बिनपगारी उन्हाळी इंटर्नशिप काही न्यायाधीश देतात. त्यासाठी चेंबरला थेट पत्र लिहावे, सोबत दहा-बारा पानांचा स्वतःचा कायदेविषयक मजकूर जोडावा. त्या मजकुरात एकही दाखला चुकलेला चालत नाही, कारण पहिल्यांदा तोच तपासला जातो.

निकालपत्र कसे तयार होते?

युक्तिवाद संपला की तिघे त्याच दिवशी बंद खोलीत बसतात. बऱ्याच सर्किटांत सर्वांत कनिष्ठ आधी बोलतो, म्हणजे ज्येष्ठांच्या मताचे दडपण येत नाही. मत ठरले की पीठाचा प्रमुख लिहिण्याचे काम वाटतो. प्रमुख स्वतः अल्पमतात असेल तर बहुमतातला ज्येष्ठ ते वाटतो. खर्डा दोघांकडे फिरतो. ‘पान ९ वरची तळटीप काढली तर मी सही करतो’ अशा स्वरूपाची पत्रापत्री होते. पटले नाहीच तर भिन्नमत.

बहुतेक निकाल ‘अप्रकाशित’ शिक्क्याचे असतात. ते संकेतस्थळावर सगळ्यांना वाचता येतात, फक्त पुढच्या पीठांवर बंधनकारक नसतात. प्रकाशित निकाल मात्र तीनच जणांनी दिलेला असला तरी त्या सर्किटच्या पुढच्या प्रत्येक पीठाला बांधतो. म्हणून वर्षाला पाच-पंचवीस प्रकाशित निकालपत्रे लिहिणारा न्यायाधीश काही राज्यांचा कायदा घडवत असतो आणि त्याचे नाव रस्त्यावर कुणाला माहीत नसते.

तिघांचा निकाल चुकलाच तर?

पूर्ण न्यायालयापुढे फेरसुनावणी मागता येते. १४ दिवसांत अर्ज, ३,९०० शब्दांची मर्यादा. केंद्र सरकार पक्षकार असलेल्या दिवाणी प्रकरणात ४५ दिवस. नियमित सेवेतल्या न्यायाधीशांचे बहुमत लागते, आणि ते क्वचित मिळते. नाइन्थ सर्किटमध्ये २९ जण एका मंचावर मावणार कसे? तिथे मुख्य न्यायाधीश आणि चिठ्ठ्या टाकून निवडलेले दहा असे अकरा बसतात. त्यापुढे सर्वोच्च न्यायालय. अर्जाला ९० दिवस, पण हजारो अर्जांतून ते वर्षाला साठेक प्रकरणे ऐकते. सर्किटांत वर्षाला सुमारे ४० हजार अपिले येतात. तेव्हा बहुतेकांसाठी शेवटचा शब्द या तिघांचाच.

पगार किती?

२०२५ मध्ये वर्षाला २,६२,३०० डॉलर. जिल्हा न्यायाधीशाला २,४७,४००. ज्येष्ठतेची वाढ नाही : काल आलेल्याला आणि तीस वर्षे काढलेल्याला सारखाच. शेजारी ठेवायचा आकडा म्हणजे न्यूयॉर्कच्या बड्या फर्ममध्ये पहिल्या वर्षीच्या वकिलाला मिळणारे २,२५,००० डॉलर, वर बोनस. म्हणजे न्यायाधीशाकडून क्लार्कशिप संपवून गेलेला मुलगा दोन वर्षांत न्यायाधीशापेक्षा जास्त कमावतो. फोर्थ सर्किटचे मायकेल लुटिग २००६ मध्ये आजन्म पद सोडून बोइंगमध्ये गेले, ते अशा फार थोड्यांपैकी.

पगार कमी करता येत नाही, ही घटनेतली हमी. बाहेर शिकवून मिळणाऱ्या उत्पन्नावर कमाल मर्यादा आहे. पुस्तकाच्या मानधनाला ती लागत नाही.

शेअर ठेवता येतात का?

ठेवता येतात, पण एक शेअरसुद्धा महागात पडतो. पक्षकार कंपनीत न्यायाधीशाचा, जोडीदाराचा किंवा घरातल्या अज्ञान मुलाचा कितीही लहान हिस्सा असला तरी त्या प्रकरणातून बाजूला व्हावे लागते. पक्षकारांनी ‘आमची हरकत नाही’ म्हटले तरी इथे सूट नाही. म्युच्युअल फंड चालतात, म्हणून शहाणे न्यायाधीश नेमणुकीच्या वर्षीच सुटे शेअर विकून फंडात जातात. चूक होते ती बहुधा जोडीदाराच्या दलालाने परस्पर केलेल्या खरेदीतून. चेंबरने हितसंबंधांची यादी संगणकात वेळेवर भरली नाही, की प्रकरण चुकीच्या न्यायाधीशाकडे जाते आणि निकालानंतर बोभाटा होतो. २०२२ च्या कायद्यानंतर १,००० डॉलरवरचे व्यवहार ४५ दिवसांत जाहीर करावे लागतात.

मुख्य न्यायाधीश कोण होतो?

निवडणूक नाही, नेमणूकही नाही. ज्येष्ठता यादीत वरून पहिला, ६५ वर्षांखालचा आणि निदान वर्षभर सर्किटवर काम केलेला न्यायाधीश आपोआप होतो. मुदत सात वर्षे, पण सत्तरी गाठली की खुर्ची सोडायची. जास्तीचा पगार नाही. इमारतीच्या छतापासून सहकाऱ्यांविरुद्धच्या तक्रारींपर्यंत सगळी डोकेदुखी मात्र त्याच्याकडे.

निवृत्ती कधी?

सक्तीचे वय नाही. मुंबई उच्च न्यायालयात ६२ ला खुर्ची सोडावी लागते. इथे ९० पर्यंत बसणारे झाले आहेत. ‘ऐंशीचा नियम’ सगळे पाठ ठेवतात : वय आणि सेवा यांची बेरीज ८० व्हायला हवी, वय निदान ६५ आणि सेवा निदान १० वर्षे. म्हणजे ६५ व्या वर्षी १५ वर्षे सेवा, ६७ ला १३, ७० ला १०. बेरीज जमली की दोन वाटा. पूर्ण निवृत्ती घेतली तर शेवटचा पगार आजन्म. किंवा ‘सिनियर’ दर्जा : नियमित न्यायाधीशाच्या साधारण पाव कामाएवढे काम करायचे, चेंबर आणि क्लार्क ठेवायचे, आणि आपली जागा नव्या नेमणुकीसाठी मोकळी करायची. सिनियर न्यायाधीश पीठावर पूर्ण मताने बसतो, पण पूर्ण न्यायालयाने फेरसुनावणी घ्यावी का, यावर त्याला मत नसते.

चौसष्टाव्या वर्षी राजीनामा दिला तर मात्र ही आजन्म पगाराची सोय मिळत नाही. अगदी काही महिने आधी सोडले तरी नाही.

काढून टाकता येते का?

फक्त महाभियोगाने. आजवर केंद्राच्या १५ न्यायाधीशांवर प्रतिनिधीगृहाने महाभियोग चालवला, त्यांतल्या आठ जणांना सेनेटने पदावरून काढले. सेकंड सर्किटचे मार्टिन मँटन यांनी १९३९ मध्ये लाचखोरी उघड झाल्यावर राजीनामा दिला आणि पुढे तुरुंगात गेले.

त्याखालची शिक्षा सर्किटच्या न्यायाधीशांची परिषद देऊ शकते : ताशेरे, किंवा काही काळ नवी प्रकरणे न देणे. फेडरल सर्किटच्या पॉलीन न्यूमन यांचा जन्म १९२७ चा, नेमणूक १९८४ ची. सहकाऱ्यांनी वैद्यकीय तपासणीची मागणी केली, त्यांनी ठरवलेल्या पद्धतीने ती करून घ्यायला नकार दिला, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये त्यांना नव्या प्रकरणांपासून दूर ठेवण्यात आले. त्यांनी या निर्णयालाच न्यायालयात आव्हान दिले. पगार आणि पद मात्र कायम.

न्यायाधीश निकालाआधी वारले तर त्यांचे मत मोजतात का?

नाही. नाइन्थ सर्किटचे स्टीफन राइनहार्ट २९ मार्च २०१८ रोजी वारले. त्यांनी लिहिलेला अकरा जणांच्या पीठाचा निकाल ९ एप्रिलला बाहेर पडला, त्यांचे मत धरूनच बहुमत होते. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये तो रद्द केला : नेमणूक आयुष्यभराची आहे, अनंतकाळाची नाही, अशा आशयाचे उत्तर देऊन.

सर्वोच्च न्यायालयाची ही पायरी आहे का?

आकडे पाहिले तर तसेच वाटते. तिथल्या आजच्या नऊ जणांपैकी केगन वगळता आठही सर्किटवरून गेले. पण १७९ जणांतून फार थोडे जातात. लर्नेड हँड सेकंड सर्किटवर दशकानुदशके होते, त्यांचे निकाल आजही शिकवतात, ते कधीच वर गेले नाहीत. डी.सी. सर्किटचे मेरिक गार्लंड यांचे नाव मार्च २०१६ मध्ये गेले, सेनेटने सुनावणीच घेतली नाही.

भारतीय वंशाचे कोणी आहे का?

आहेत. चंडीगडला जन्मलेले आणि कॅन्ससमध्ये वाढलेले श्री श्रीनिवासन मे २०१३ मध्ये ९७ विरुद्ध ० मतांनी डी.सी. सर्किटवर आले, फेब्रुवारी २०२० मध्ये तिथले मुख्य न्यायाधीश झाले. अमूल थापर २०१७ पासून सिक्स्थ सर्किटवर, पारशी कुटुंबातल्या निओमी राव २०१९ पासून डी.सी. सर्किटवर, रूपाली देसाई २०२२ पासून नाइन्थ सर्किटवर. श्रीनिवासन आणि देसाई यांना डेमोक्रॅट राष्ट्राध्यक्षांनी नेमले, थापर आणि राव यांना रिपब्लिकन. निकालांत ते वेगवेगळ्या बाजूंना दिसतील.

घरबसल्या हे काम पाहता येते का?

येते, आणि फुकट. बहुतेक सर्किटे युक्तिवादाचे ध्वनिमुद्रण संकेतस्थळावर ठेवतात, नाइन्थ सर्किट तर यूट्यूबवर थेट चित्र दाखवते. तिथली सकाळची सुनावणी आपल्याकडे रात्री उशिरा पडते. निकालपत्रेही मोफत. वकिलांचे लेखी युक्तिवाद हवे असतील तर ‘पेसर’ या सरकारी प्रणालीत खाते उघडावे. पानाला १० सेंट, एका दस्तऐवजाला जास्तीत जास्त ३ डॉलर, आणि तिमाहीचा खर्च ३० डॉलरच्या आत राहिला तर बिलच येत नाही.